काचेतले अरण्य आणि उसने विष

आपल्या स्मरणिकेत डॉक्टरांनी काय लिहावे, याचे काही संकेत वर्षानुवर्षे रूढ झाले आहेत. कोणी मधुमेहावर लिहितो, कोणी ताणतणावावर, कोणी चारधाम यात्रेचे वर्णन करतो, आणि एखादे कविमनाचे शल्यचिकित्सक कविता देतात. संपादक मंडळाने या वर्षी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी लसीकरणावर लिहीन, अशीच त्यांची समजूत असावी. मी मात्र बेडकांवर लिहीत आहे. तेही आपल्या मांजरेच्या काठचे नव्हेत, तर मध्य व दक्षिण अमेरिकेच्या पर्जन्यवनांतले, बोटाच्या दोन पेरांएवढे, रत्नासारखे रंग ल्यालेले विषारी बेडूक. इंग्रजीत त्यांना ‘पॉयझन डार्ट फ्रॉग’ म्हणतात. विषय वाटतो तितका आपल्या व्यवसायापासून दूर नाही, हे वाचकांना पुढे दिसून येईल.

या बेडकांची नि माझी गाठ पडली ती आमच्या वहिनींमुळे. माझे थोरले बंधू भालकीचे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, अमेरिकेत मेरीलँड राज्यात संगणक क्षेत्रात नोकरी करतो. २०१८ साली सूनबाई पुन्हा कामावर रुजू झाल्या म्हणून नातवाला सांभाळण्यास वहिनी तिकडे गेल्या होत्या. एका रात्री त्यांचा फोन आला. “भावजी, तुम्हीच आता ह्याला समजवा. घराच्या तळघरात ह्याने जंगल केलंय आणि त्यात विषारी बेडूक पाळलेत. म्हणे एक बेडूक दहा माणसं मारतो. आणि आपलं बाळ आता भिंतीला धरून चालायला लागलंय!”

बालरोगतज्ज्ञाला रोज नाना प्रश्न विचारले जातात. केळे दिले तर सर्दी होते का, काजळ घालावे का, पाळण्याखाली लोखंड ठेवावे का. विषारी बेडूक असलेल्या घरात सव्वा वर्षाचे मूल ठेवावे का, हा प्रश्न मात्र तीस वर्षांच्या व्यवसायात प्रथमच आला. उत्तर देण्यापूर्वी वाचणे भाग होते, आणि वाचू लागलो तो त्यातच गुंतत गेलो.

वहिनींनी ऐकलेली दहा माणसांची गोष्ट अगदीच निराधार नव्हती. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या अरण्यात ‘फायलोबेटिस टेरिबिलिस’ नावाचा सोनेरी पिवळा बेडूक राहतो. चार्ल्स मायर्स, जॉन डॅली व बोरिस माल्किन यांनी १९७८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तेथील एम्बेरा लोक फुंकनळीच्या बाणाचे टोक या बेडकाच्या पाठीवर नुसते घासतात, आणि तो बाण पुढे कित्येक महिने घातक राहतो. एका बेडकाच्या त्वचेत सुमारे एक मिलिग्रॅमपर्यंत बॅट्रॅकोटॉक्सिन असते. हे द्रव्य मज्जातंतूंच्या व हृदयस्नायूंच्या पेशींतील सोडियमचे दरवाजे उघडतो आणि पुन्हा मिटूच देत नाही. परिणाम काय होत असेल ते आपल्या वाचकांना सांगायला नको: अतालता, फिब्रिलेशन आणि मृत्यू. अर्थात या कुळात सुमारे दोनशे जाती असून बाणांसाठी वापरल्या जाणाऱ्या जाती जेमतेम तीन आहेत. तीन जातींच्या कर्तृत्वावर साऱ्या कुळाला नाव मिळाले, जसे एखाद्या घराण्यात एक पाटील झाला की पुढच्या सात पिढ्या पाटील म्हणवून घेतात.

परंतु वहिनींच्या प्रश्नाचे खरे उत्तर दुसऱ्याच एका गोष्टीत होते. काचेच्या घरात जन्मलेल्या या बेडकांत विष नसतेच.

हे वाचून मी चकित झालो. नागाला काचेत ठेवले म्हणून त्याचे विष जात नाही. आपल्या अंगणात पावसाळ्यात दिव्याखाली किडे टिपायला येणारा खडबडीत पाठीचा मोठा बेडूक, ज्याला विश्वकोशात भेक म्हटले आहे, त्याच्याही डोळ्यामागच्या ग्रंथींत विष असते. ते डिजॉक्सिनच्या जातकुळीतले आहे. असा बेडूक खाण्यात आला तर रुग्णाची नाडी मंदावते, पोटॅशियम चढते, आणि डिजॉक्सिनच्या विषबाधेवर द्यायची प्रतिद्रव्येच तेथे उपयोगी पडतात. हा भेक आपले विष कोलेस्टेरॉलपासून स्वतः घडवतो. त्याला कोठेही वाढवा, तो विषारीच राहील. मग अमेरिकेतल्या या रंगीत मंडळींचे विष कोठे जाते?

ते जात नाही, येतच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ जॉन डॅली यांनी आयुष्याची चार दशके बेडकांच्या त्वचेतील अल्कलॉइडांचा अभ्यास करण्यात घालवली. १९८० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले की, अरण्यातून आणलेले टेरिबिलिस काचेत वर्षानुवर्षे विष बाळगून राहतात, पण त्यांची काचेत जन्मलेली प्रजा निर्विष निघते. पुढे १९९२ साली हिरव्या-काळ्या ‘डेंड्रोबेटिस ऑरेटस’ या जातीबद्दलही तेच आढळले. घरातल्या पेटीत चिलटे व रातकिडे खाऊन वाढलेल्या पिलांत अल्कलॉइडांचा मागमूस नव्हता. मग १९९४च्या सुमारास एक साधा, पण निर्णायक प्रयोग झाला. चिलटांवर अल्कलॉइडची पूड लावून ती बेडकांना खाऊ घातली. काही आठवड्यांत ते अल्कलॉइड बेडकांच्या त्वचेत साठलेले सापडले! म्हणजे बेडूक हे विष बनवत नाही, साठवतो. अरण्याच्या पाचोळ्यात राहणाऱ्या मुंग्या आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे माइट हे त्याचे पुरवठादार. २००७ साली राल्फ सापोरिटो व सहकाऱ्यांनी या माइटांचा वाटा किती मोठा आहे ते दाखवून दिले. विषाची मालकी अरण्याची आहे. बेडकाने ते उसने घेऊन अंगावर मिरवले, इतकेच.

मी वहिनींना फोन करून सांगितले की, हे बेडूक पेढीवर जन्मलेले असतील तर त्यांच्या विषाची भीती नाही. त्यांनी लगेच विचारले, “मग ठेवू द्यायचे का?” येथे मात्र मला बालरोगतज्ज्ञ म्हणून दुसरे उत्तर द्यावे लागले. बेडूक, कासव, सरडे हे प्राणी स्वतः आजारी न पडता आतड्यात साल्मोनेला बाळगतात. २००९च्या सुमारास अमेरिकेत पाण्यात राहणाऱ्या छोट्या पाळीव आफ्रिकन बेडकांमुळे साल्मोनेलाची मोठी साथ आली होती, आणि रुग्णांत मुख्यतः लहान मुले होती. त्यांपैकी अनेकांनी बेडकाला हातही लावला नव्हता. बेडकांचे पाणी ज्या मोरीत ओतले, भांडे जेथे धुतले, तेथून जंतू पोहोचले. पाच वर्षांखालील मुलांना अशा प्राण्यांपासून दूर ठेवावे, असा तेथील आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. तेव्हा माझा निर्णय असा पडला: तळघराला कुलूप, बेडकांची भांडी स्वयंपाकघरात आणायची नाहीत, आणि पुतण्याने वर येण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. ज्या विषाला सारे घर घाबरले होते ते तेथे नव्हतेच, आणि जो धोका होता तो कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. घरोघरी पाहतो ते हेच. आई नजर लागू नये म्हणून गालावर तीट लावते आणि दुधाची बाटली उकळायची विसरते.

२०१९ साली एका वैद्यकीय परिषदेच्या निमित्ताने मला तिकडे जाण्याचा योग आला, आणि ते तळघरातले जंगल प्रत्यक्ष पाहिले. एका भिंतीलगत आठ फूट लांब, तीन फूट खोल आणि जवळजवळ छताला टेकलेली काचेची पेटी होती. तिला पेटी म्हणणेही जिवावर येते. तळाशी भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा थर, म्हणजे वरून झिरपलेले पाणी तेथे साठते आणि मुळे कुजत नाहीत. त्यावर काथ्या, सालीचे तुकडे, कोळसा यांची माती, आणि त्यावर वाळलेल्या पानांचा जाड पाचोळा. मागच्या भिंतीवर शेवाळ, नेचे, वेली. मधे वाळक्या ओंडक्यांवर अननसाच्या कुळातली ब्रोमेलिअडची झाडे. त्यांच्या पानांच्या बेचक्यांत पेलाभर पाणी साठून राहिलेले. दर काही तासांनी वरच्या नळ्यांतून आपोआप तुषार पडत. पाणीही गाळून क्षार काढलेले, कारण क्षारांनी पानांवर व काचेवर पांढरी पुटे चढतात. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, तापमान २२ ते २६ अंश. पाचोळ्यात स्प्रिंगटेल नावाचे पांढरे सूक्ष्म कीटक सोडलेले. बुरशी आणि विष्ठा खाऊन ते सफाई करतात, आणि बेडकांची पिले त्यांनाच खातात. नगरपालिकेने शिकावे अशी ही व्यवस्था.

मला ते पाहून प्रथम आठवला तो आपला नवजात शिशू कक्ष. अकाली जन्मलेल्या बाळाची त्वचा पातळ असते, तिच्यातून पाणी उडून जाते, म्हणून आपण त्याला उबदार दमट पेटीत ठेवतो. बेडूक तर जन्मभर तशाच त्वचेत राहतो. तो त्वचेनेच पाणी पितो आणि बऱ्याच अंशी त्वचेनेच श्वास घेतो. दोन्ही पेट्यांचा इतिहासही वैद्यक आणि प्राणिसंग्रह यांच्या सीमेवरचा आहे. पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याची यंत्रे पाहिली आणि ती बनवणाऱ्या कारागिराकडूनच १८८०च्या सुमारास बाळांसाठी पेटी करवून घेतली. आणि काचेच्या पेटीत अरण्य राखण्याची युक्ती सापडली तीही एका डॉक्टरालाच. लंडनच्या पूर्व भागातील गरीब वस्तीत व्यवसाय करणारे डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ साली एका पतंगाचा कोश ओल्या मातीवर ठेवून बाटली झाकून ठेवली होती. पतंगाऐवजी त्यांचे लक्ष वेधले ते मातीत आपोआप उगवलेल्या नेच्याने. लंडनच्या काजळीत त्यांच्या अंगणातले नेचे मरत, बाटलीतला मात्र जगला. त्यांच्या या पेटीला पुढे वॉर्डची पेटी असे नाव पडले, आणि तिच्यातूनच चीनमधील चहाची रोपे समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आली. सकाळी दवाखान्यात जाण्यापूर्वी आपण जो पेला रिचवतो, त्यात एका व्यवसायबंधूच्या छंदाचाही अंश आहे.

पुतण्याच्या मोठ्या पेटीत हिरव्या-काळ्या ऑरेटसचा सात-आठ जणांचा परिवार होता. तो रोज त्यांना चिलटे घालतो. न उडणारी, पंखांत दोष असलेली चिलटे तो बाटल्यांतून स्वतः वाढवतो. बटाट्याचा चुरा, यीस्ट व साखर हे त्यांचे अन्न. (“आम्ही आयुष्यभर केळ्यांवरची चिलटं हाकलली, आणि हा ती मुद्दाम पोसतो,” हा वहिनींचा शेरा.) खाऊ घालण्यापूर्वी चिलटे एका पेल्यात घेऊन त्यांवर कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची पूड घालून पेला हलवायचा. पूड लागली नाही तर बेडकांना मुडदूस होतो! हाडे मऊ पडतात, जबडा वाकतो. अ जीवनसत्त्व कमी पडले तर जीभ चिकट राहत नाही. भक्ष्य समोर असते, जीभ बाहेर येते, पण पकडता येत नाही. काही पिलांचे पुढचे पाय काडीसारखे निपजतात आणि ती पाण्याबाहेर येऊन तगत नाहीत. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा डोस देणारा मी, काचेसमोर उभा राहून पुतण्याचे ते डोसांचे वेळापत्रक वाचत होतो आणि मनातल्या मनात त्यावर खुणा करीत होतो.

शेजारच्या लहान पेटीत एक वेगळी जोडी होती. ‘ऊफेगा प्युमिलिओ’, अंग स्ट्रॉबेरीसारखे लाल आणि पाय निळे. बेडूक अंडी घालून निघून जातो, पिलांचे पिलांनी पाहावे, असेच आपण शाळेत शिकलो. या लाल मातेचे वर्तन वेगळे आहे. पाचोळ्यात घातलेल्या अंड्यांतून शेपटीवाली पिले, पाठ्यपुस्तकात ज्यांना भैकेर म्हटले आहे ती, बाहेर पडली की ती एकेका पिलाला पाठीवर घेऊन झाडावर चढते आणि ब्रोमेलिअडच्या बेचक्यातील पाण्यात सोडते. प्रत्येक पिलाचे तळे वेगळे. मग दोन महिन्यांच्या आसपास, दर काही दिवसांनी ती प्रत्येक तळ्यावर येते. पिलू तिला ओळखून अंग ताठ करून थरथरते. ही त्याची भूक लागल्याची खूण. मग ती त्या पाण्यात न फळलेली अंडी घालते आणि पिलू ती खाते. त्याला दुसरे अन्न चालत नाही. अंगावरचे दूध म्हणावे असेच हे आहे.

आणि येथे मला जी गोष्ट कळली ती मी माझ्या निवासी डॉक्टरांना आजही स्तनपानावरील व्याख्यानात सांगतो. कोस्टा रिकात जेनिफर स्टायनोस्की व सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की, अरण्यातल्या या पिलांच्या अंगात अल्कलॉइड असतात, पण दुसऱ्या निर्विष बेडकांची अंडी घालून वाढवलेल्या पिलांत ती नसतात. माता अंड्यांतून पिलाला अन्नाबरोबर स्वतःचे संरक्षणही देते. चिकामध्ये प्रतिद्रव्ये असतात हे आपण आयांना सांगून थकतो. येथे ते काम एक इंचाचा बेडूक करीत आहे. मात्र पुतण्याच्या पेटीतल्या मातेजवळ देण्यासारखे संरक्षणच नव्हते. ती तितक्याच निष्ठेने तळ्यातळ्यावर चढत होती, पिले तशीच थरथरत होती. अंडी पौष्टिक होती. मुंग्यांनी आणि माइटांनी अरण्यात जे त्यांत घातले असते ते तेवढे नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो मला बाल्टिमोरच्या राष्ट्रीय मत्स्यालयात घेऊन गेला. १९८१ साली उघडलेल्या या इमारतीच्या माथ्यावर काचेच्या पिरॅमिडखाली एक अख्खे पर्जन्यवन वाढवले आहे. त्यात पक्षी मोकळे उडतात आणि स्लॉथ फांद्यांना लटकलेले असतात. विषारी बेडकांचे येथे अनेक वर्षे प्रजनन होत आले आहे. डॅलींची प्रयोगशाळा बेथेस्डाला, येथून तासाभराच्या अंतरावर. मत्स्यालयाच्या जॅक कव्हर यांनी त्यांच्याबरोबर निर्विष बेडकांवर शोधनिबंधही लिहिला आहे. त्या काचेखाली उभा असताना मला एपिबॅटिडीनची हकीकत आठवत होती. आपल्यातील भूलतज्ज्ञ मित्रांना ती ठाऊक असेल. इतरांसाठी थोडक्यात देतो.

१९७४ साली डॅली व मायर्स यांनी इक्वाडोरमध्ये एका लहान, तपकिरी-तांबूस पट्टेरी बेडकाच्या त्वचेचा अर्क मिळवला. उंदराला तो टोचताच त्याची शेपटी पाठीवर कमानीसारखी उभी राहिली. मॉर्फिन दिल्यावर हेच होते. पण गंमत अशी की, मॉर्फिनचा परिणाम पुसणारे नॅलोक्झोन येथे निष्प्रभ ठरले. म्हणजे वेदना शमवणारा हा काही निराळाच मार्ग होता. १९७६ साली पुन्हा जाऊन सुमारे ७५० बेडकांच्या त्वचेचा अर्क आणला. त्यातून शुद्ध द्रव्य निघाले ते एक मिलिग्रॅमही नाही. तेवढ्यावरून रचना ओळखण्याइतकी यंत्रे तेव्हा नव्हती. अधिक बेडूक आणावेत, तर ज्या दोन ठिकाणी ते मिळाले त्यांतील एका ठिकाणचे अरण्य तोडून केळीच्या बागा झालेल्या. ऐंशीच्या दशकात या बेडकांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. मग ते पिंजऱ्यात वाढवून पाहिले. वाढले छान, पण त्यांच्या त्वचेत ते द्रव्य नव्हते! डॅलींनी तो कणभर नमुना वर्षानुवर्षे जपून ठेवला, आणि चुंबकीय अनुनादाची यंत्रे पुरेशी सूक्ष्म झाल्यावर १९९२ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. उंदरांत मॉर्फिनच्या सुमारे दोनशे पट प्रभावी असे हे द्रव्य निकोटिनिक ग्राहकांवर काम करते. ते स्वतः औषध म्हणून फार विषारी, पण त्याच्या नमुन्यावर अॅबट कंपनीने एबीटी-५९४ हे संयुग बनवले. रुग्णांवरील चाचण्यांत पोटाचे दुष्परिणाम फार झाल्याने ते मागे पडले. तरीही अफूच्या मार्गाबाहेर वेदनाशमनाचा दुसरा मार्ग असू शकतो, हे त्या बेडकाने दाखवले. ओपिऑइडच्या व्यसनाने अमेरिकेत काय अनर्थ मांडला आहे हे आपण वाचतोच. त्या पार्श्वभूमीवर या शोधाचे मोल कळावे.

काचेतल्या अरण्याविषयी माझे मत बनले ते येथे. काचेने बेडूक वाचतो. त्याचे औषध वाचत नाही. ते औषध बेडकात नव्हतेच, ते त्या विशिष्ट डोंगरउतारावरच्या पाचोळ्यात, त्या कोण्या कीटकात होते. केळीच्या बागेसाठी तो पाचोळा जाळला की बेडकाच्या हजार जोड्या मत्स्यालयात सुखरूप असल्या तरी डॅलींच्या हाती काही लागणार नव्हते.

याचा अर्थ काचेचा उपयोग नाही असा मात्र कोणी घेऊ नये. १९९०च्या दशकात वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात निळे विषारी बेडूक त्वचेच्या एका अनोळखी रोगाने मरू लागले. त्यांच्या त्वचेतून जॉइस लाँगकोर यांनी एक बुरशी वाढवली आणि १९९९ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. डेंड्रोबेटिसवरूनच तिला ‘बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबेटिडिस’ हे नाव दिले. हीच बुरशी जगभरच्या अरण्यांत बेडकांचा संहार करीत होती हे त्यानंतर उलगडले. २०१९ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या आढाव्यानुसार तिच्यामुळे किमान ५०१ उभयचर जाती घटल्या व त्यांतील ९० बहुधा नामशेष झाल्या. काचेच्या पेटीतले ते रोगी नसते तर निदानास आणखी किती वर्षे लागली असती कोण जाणे. उपचारही आपल्या ओळखीचाच, इट्राकोनाझोलच्या सौम्य द्रावणाची आंघोळ. पण ती पेटीतल्या बेडकाला घालता येते, डोंगराला नाही. ही साथ पनामात एल व्हाय्ये गावाजवळ आली तेव्हा, २००६ साली, तेथील एका हॉटेलच्या खोल्यांत बेडूक दाटीवाटीने ठेवून वाचवण्यात आले होते. पनामाचा राष्ट्रीय मानचिन्ह असलेला सोनेरी बेडूक २००९ नंतर अरण्यात दिसलेला नाही. आज तो जो काही आहे तो बाल्टिमोरसारख्या ठिकाणच्या काचेमागे आहे.

आता आपल्याकडचे. परतल्यावर काही स्नेह्यांनी विचारले की, असे एखादे जंगल बीदर-कलबुर्गीत करता येईल काय? पैसा असल्यास काहीही करता येते. माझे मत मात्र स्पष्ट नकाराचे आहे. कलबुर्गीचा मे महिना ४२-४३ अंशांचा, आणि या बेडकांना ३० अंशांच्या पुढे जीव राखणे कठीण. म्हणजे वातानुकूलन अहोरात्र, आणि वीज गेली की दोन तासांत सारे अरण्य उकडून निघणार. आपल्या बोअरचे पाणी इतके जड की गाळणयंत्राच्या नळ्या वर्षभरात तुंबतात. माणसांच्या नवजात शिशू कक्षाला जनित्र मिळवताना आपली काय तारांबळ होते हे येथे प्रत्येकाला माहीत आहे. शिवाय कायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली असून, आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या विदेशी प्राण्यांची मालकी, जन्म व हस्तांतरण यांची नोंदणी तिने बंधनकारक केली आहे. हे बेडूक त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९८७ पासून आहेत. विमानतळांवर प्रवाशांच्या सामानात कोंबलेले विदेशी प्राणी पकडले जातात ते आपण वाचतो. अरण्यातून चोरून आणलेला बेडूक विषारीही असेल, हेही ध्यानात ठेवावे.

आणि बेडूक पाहायला आपल्याला पनामा कशाला हवा? आपण डॉक्टर तर बेडकाचे ऋणी आहोत. माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत काजळी धरलेल्या फिरत्या ढोलावर बेडकाच्या पोटरीच्या स्नायूचे आकुंचन रेखाटले आहे. मृग कोरडा गेला की आपल्या सीमाभागातल्या खेड्यांत कडुनिंबाचा पाला गुंडाळलेल्या पोराची धोंडी निघे, काठीला बेडूक बांधलेला असे, आणि घरोघरच्या बायका वरून घागरभर पाणी ओतत. कन्नड घरांत डोक्यावर गुर्जी घेऊन निघत. पुण्याच्या आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर व सहकाऱ्यांनी २०१५ साली सह्याद्रीतला ‘हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा’ हा बेडूक वेगळी जात म्हणून नोंदवला, आणि दोनच वर्षांनी, २०१७ साली, तिरुवनंतपुरम व अमेरिकेतील एमोरी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या त्वचेत एच-१ प्रकारच्या इन्फ्लुएंझा विषाणूंना मारणारे ‘उरुमिन’ हे पेप्टाइड शोधले. नावातच बहुविस्तारा, सह्याद्रीच्या पायथ्याशी, रस्त्याकडेला, विहिरींत आढळणारा साधा बेडूक तो.

आमच्या भालकीकडे कारंजा जलाशयाच्या मागच्या अंगाला, पहिल्या दमदार पावसानंतर, मोठे बेडूक जमतात. नर एरवी मातकट हिरवा, पण त्या दिवसांत हळदीसारखा पिवळा धमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना गडद निळ्या पिशव्या फुगतात. तो रंग तळघरातल्या कोणत्याही रत्नापेक्षा कमी नाही, आणि तो पाहायला तिकीट नाही, नोंदणी नाही. गेली काही वर्षे मी तेथे दवाखान्यातल्या मुलांना व त्यांच्या पालकांना नेतो. या वर्षी आपल्या संघटनेतील सभासदांनी सहकुटुंब यावे, अशी विनंती आहे. मृगाच्या पावसानंतरच्या पहिल्या रविवारी रात्री आठ वाजता निघू. विजेरी व गुडघ्यापर्यंतचे बूट आणावेत, तळ्याकाठी मोठ्याने बोलू नये, बेडकांना हात लावू नये. परत गाडीत बसण्यापूर्वी सर्वांनी हात धुवावेत. साबण मी घेऊन येईन.